नट्टापट्टा काय आजचा आहे?

"आमच्या वडिलांच्या पिढीतले पुरुष आरशासमोर दोन मिनिटं थांबत नसत, दाढीचं तेल नि फेशियल हे सगळं हिंजवडीच्या आयटीतल्या पगारांनी आणलं," असं हल्ली म्हटलं जातं, ते काही पटलं नाही. पगारांनी बाथरूममधल्या बाटल्या वाढवल्या असतील, हौस जुनीच आहे. जेम्स वेल्सने १७९२च्या सुमारास पुण्यात काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र बघा. पेशव्यांच्या अंगावर मोत्यांची काय रेलचेल आहे! पेशवाईतली भिकबाळी आज गणपतीत ढोल-ताशा पथकातली पोरं घालतात (बहुतेकांची दाबाची असते, कान टोचायची तयारी नसते). तिला कोणी बायकी म्हणत नाही, उलट मर्दानी रुबाब म्हणतात. मग त्याच पोराने चेहऱ्याला क्रीम लावलं की नाकं का मुरडायची?

आणि वडिलांची पिढी म्हणाल तर आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी महिन्यातून एका रविवारी मोरीचं दार बंद व्हायचं. आत जुना 'सकाळ' पसरलेला, वाटीत कालवलेला कलप, आणि त्यासाठी राखून ठेवलेला दात घासायचा ब्रश. मिशीला वेगळा, बारीक. बाबांचे केस काळेच आहेत असं आम्ही सगळे धरून चालायचो, कपाळावर डाग दिसला तरी. तेवढ्यात कोणी आलंच तर आई शांतपणे सांगायची, "हे अंघोळीला गेलेत." दीड तास!