प्रपोझिशनला मराठीत काय म्हणायचं?

सानिका_फ्रीमाँट: सासू-सासरे आता इथले नागरिक झालेत, कॅलिफोर्नियात मत देतात. बॅलटवर उमेदवार संपले की प्रपोझिशन्स सुरू, म्हणजे कायद्यांवर थेट 'हो' की 'नाही' मत द्यायचं, २०२४ च्या नोव्हेंबरात नुसती राज्याचीच १० होती. मतदार पुस्तिका हिंदीत मिळते, मराठीत नाही, म्हणून मी टिपणं काढून देते. 'प्रस्ताव' लिहिलं तर सासरे म्हणतात, प्रस्ताव सोसायटीच्या मीटिंगमध्ये येतो, इथे तर लोक थेट कायदा करतायत. मग लिहू काय?

विनायक: सार्वमत. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला झालं तेच.

मुग्धा पेडणे: तेच नाही हो विनायकदादा, सार्वमत म्हणजे अख्खं मतदान, तिला हवंय ते ज्याच्यावर मत द्यायचं त्याचं नाव. आणि गोव्यातल्या त्या मतदानाला आमच्याकडची जुनी माणसं ओपिनियन पोलच म्हणतात. आजी सांगायची, फूल म्हणजे महाराष्ट्रात जायचं, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. माझं मत 'कौल'ला. देवाला लावतात ना, उजवा की डावा, मधलं काही नाही.

विनायक: कौल अरबी आहे. संस्कृतातून सरळ शब्द मिळत असताना उसना कशाला?

मुग्धा पेडणे: शिवकाळात कौलनामे लिहीत होते, तेव्हापासून आपलाच आहे तो!

श्रीरंग_एलए: शब्द कुठलाही घ्या, पण 'हो' म्हणजे काय ते आधी लिहा. २०२२ चं ३१ नंबर बघा, फ्लेवरवाल्या तंबाखूवरच्या बंदीचा कायदा विधिमंडळाने केला, तंबाखू कंपन्यांनी सह्या जमवून तो मतदानाला आणला, आणि 'हो' म्हणजे बंदी कायम. बंदी नको म्हणून 'हो' करणारे मला भेटलेत. मी आधी खर्चाचा सरकारी हिशोब वाचतो, मग पैसा कोणाचा ते बघतो. २०२० च्या २२ ला उबर, लिफ्ट वगैरे अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी २० कोटी डॉलरच्या वर ओतले आणि ड्रायव्हरांना कर्मचारी न धरण्याची मुभा मिळवली.

सानिका_फ्रीमाँट: 'हो', 'नाही'चा अर्थ पुस्तिकेत असतो, तोच मी सगळ्यात वर लिहिते. पण 'कौल ३१' कानाला बरं वाटतं का?

विनायक: नाही. 'जनप्रस्ताव' करा.

श्रीरंग_एलए: जन कुठून? २०२४ चं शाळांच्या कर्जरोख्यांचं २ नंबर विधिमंडळानेच पाठवलं होतं, लोकांनी सह्या नव्हत्या केल्या.

मुग्धा पेडणे: बरं, छपरावरचं कौल हाच शब्द का?

विनायक: वेगळा. तो कौल देवाचा, ते कौल छपराचं.

मुग्धा पेडणे: लिंग वेगळं म्हणून शब्द वेगळा होतो? व्युत्पत्ती द्या ना.