इम्प्लांट टिकले, तरी वरचा पूल टिकेलच असे नाही
जबड्याच्या हाडात इम्प्लांट (दाताचे स्क्रूसारखे कृत्रिम मूळ) घातल्यावर त्याच दिवशी त्यावर दात बसवल्यास इम्प्लांट लवकर निकामी होते, असे मत इथल्या चर्चेत मांडले गेले; ते मला सरसकट पटत नाही. आधुनिक दंत-इम्प्लांटचे जनक मानले जाणारे स्वीडिश डॉक्टर ब्रोनेमार्क यांच्या मूळ पद्धतीत दात बसवण्याआधी खालच्या जबड्यासाठी साधारण ३ आणि वरच्यासाठी ६ महिने थांबत. आता इम्प्लांट बसवतानाच हाडात सुमारे ३५ न्यूटन-सेंटीमीटर (स्क्रू पिळण्याच्या जोराचे माप) पकड मिळाली आणि रुग्णाची निवड नीट केली, तर थांबावे लागतेच असे नाही. चर्चेत राहून गेला तो इम्प्लांटवरच्या पुलाचा, म्हणजे त्यांवर बसवलेल्या एकसंध दातांच्या रांगेचा, मुद्दा. दादरला राहणाऱ्या माझ्या आईच्या खालच्या जबड्यातली चारही इम्प्लांट आजही घट्ट आहेत. मात्र ॲक्रिलिकच्या पुलाचा दाढेकडचा, खाली आधार नसलेला टोकाचा भाग भाकरी चावताना तुटला आणि एक स्क्रूही सैल झाला. म्हणून दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, हे आधीच लेखी घ्यावे.