मदत हवी आहे: नवीन एफएएल रायफल, दर तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकते

नमस्कार मंडळी. मुक्काम टेक्सास. गेल्या महिन्यात एफएएल घेतली, जुन्या सुट्या भागांना इथला नवा रिसीव्हर (रायफलीचा मधला मुख्य सांगाडा) लावून जोडलेली. कारण घरगुती: थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली ‘एसेलार’ (एसएलआर, सेल्फ लोडिंग रायफल) म्हणजे याच बेल्जियन रायफलीचं ईशापूरला बनलेलं भावंड.

शनिवारी रेंजवर पहिल्यांदा चालवली. आधी चांगलं सांगतो. ४ किलोंच्या वर वजन, उभ्याने धरली की दंड भरून येतात. पण तेच वजन धक्का गिळतं. ७.६२ बाय ५१ मिमीची दणकट गोळी म्हटल्यावर खांद्याचं भरीत होणार अशी धास्ती होती, प्रत्यक्षात दस्ता मारत नाही, ढकलतो. आवाज मात्र भयंकर. १०० यार्डांवर बसून, दुर्बीण न लावता, ५ गोळ्या तळहाताएवढ्या जागेत गेल्या. माझ्यासारख्याला पुष्कळ झालं.

आता रडगाणं. दर तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर चाप ओढला की नुसतं ‘टक्’. उघडून बघावं तर चेंबर रिकामं, पुढची गोळी मॅगझिनमध्ये जागच्या जागी. पुंगळी बाहेर पडते, पण उडत नाही, माझ्या बुटापाशीच लोळते. दोन्ही मॅगझिनमध्ये तेच. गॅस प्लगवरचं (गोळीमागचा गॅस पिस्टनकडे जाऊ देणारं बूच) ‘ए’ अक्षर वर आहे, म्हणजे गॅस चालू, तपासलं. विकणारा म्हणतो, २०० गोळ्या मारा, आपोआप सुटी होईल. मला काही पटत नाही.

पिस्टनला किती गॅस मिळावा ते ठरवणाऱ्या रेग्युलेटरच्या कड्यावर आकडे आहेत, त्याला अजून हात लावलेला नाही. कितीवर ठेवायचा? की सरळ गनस्मिथ गाठू?

प्रतिसाद:
आकडा विचारू नका, प्रत्येक रायफलीचा वेगळा. बोल्ट पुरता मागे जात नाहीये, म्हणजे पिस्टनला गॅस कमी पडतोय. रेग्युलेटर उघडा असला की गॅस बाहेर निसटतो, आवळला की पिस्टनकडे जातो. आधी तो पूर्ण उघडा. मॅगझिनमध्ये एकच गोळी घालून मारा. बोल्ट मागे अडकून राहिला नाही, तर एक खाच आवळा, पुन्हा एक गोळी. राहायला लागला की खात्रीसाठी आणखी दोन-तीनदा बघा आणि वर दोन खाचा आवळा. झालं. उगाच फार आवळलात तर रायफल स्वतःलाच बडवून घेते. पूर्ण बंद करूनही जमलं नाही, तर गॅस कुठेतरी गळतोय. मग मात्र गनस्मिथ. नळीवरच्या गॅसच्या भोकाला ड्रिल लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

धागाकर्ता:
आभार! रात्री काकांनाही फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न: “पिस्टन पुसलास का?” मी म्हटलं, तेल लावलंय की. “गॅसच्या जाग्याला तेल लावतंय व्हय कोण! चिंदी घे, कोरडं कर.”

पिस्टन बाहेर काढला. माझ्या तेलाखाली जुनं ग्रीस, काकवीसारखं घट्ट. रविवारी पुन्हा रेंजवर जातोय, एकेक गोळी घालून. कितव्या खाचेवर जमलं ते कळवतो.