मदत हवी आहे : तीर्थन सोडून ट्राउटसाठी दुसरी नदी कुठली?

पेठेतला_गळवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंग (गळावर पिसा-दोऱ्याचा खोटा किडा, म्हणजे फ्लाय, बांधून मासेमारी) करतोय, तेही एकाच टप्प्यात, गुशैणीच्या खाली. तो टप्पा लई जीव लावलेला आहे, पण आता पाठ झालाय. कुठल्या दगडामागं ट्राउट बसतो हे रॉड जोडायच्या आधीच माहीत असतं. यंदा दुसरं पाणी बघायचंय. हिमाचलातलंच बरोट, सांगला की काश्मीर? तिकीट दोन दिवसांत काढायचंय, तेव्हा पटापट सांगा. आणि कृपा करून कुणी उजनीला जा म्हणू नका.

भीमाकाठचा
उजनीला जा.

सोलापुरात राहून माशासाठी दिल्लीच्या पलीकडं कोण जातं बे? चिलापी, मरळ, शिंगाडा, नशीब असेल तर खडस. कणकेची गोळी लावायची, छत्री उघडायची, विषय संपला.

निम्फवाली_ताई
महिना कुठला? रॉड किती वजनी, म्हणजे किती जड दोरीसाठीचा? एकटे जाणार की कुणी सोबत? यातलं काहीच लिहिलं नाहीये. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात बंदी असते, अंडी घालायचा काळ असतो म्हणून.

पेठेतला_गळवाला
ताई, बंदीत कोण जाईल ओ. मेअखेर जाणार, पोरांना सुट्टी असते तेव्हाच जमतं. रॉड पाच वजनी.

निम्फवाली_ताई
म्हणजे पोरं सोबत आहेत! हे सगळ्यात आधी सांगायचं असतं दादा. मग सांगला बाद. किन्नौरचा रस्ता लांब, वळणावळणाचा, पोरं ओकून बेजार होतील. आणि मेअखेर तिथल्या बास्पा नदीला बर्फाचं पाणी उतरलेलं असतं, दुधाळ आणि जोरात. माशाला फ्लाय दिसतच नाही.

लिडर_प्रेमी
काश्मीर. दुसरं काही विचारूच नका. तिथं नदीचे बीट, म्हणजे ठरावीक टप्पे, पाडलेले असतात, परवान्यावर बीट मिळतो आणि त्या बीटवर मोजकेच गळ. हिमाचलासारखी प्रत्येक दगडावर सेल्फी काढणारी माणसं नाहीत. ब्राउन ट्राउट हिंदुस्थानात पहिल्यांदा रुजला तोच काश्मिरात. कुलूच्या नद्यांत १९०९ च्या सुमारास सोडला तोही तिकडून आणलेल्या अंड्यांतून.

बियासचा_बाप
इतिहास ठीक आहे, पण मेअखेर काश्मिरातल्या लिडर नदीला काय वेगळं असतं? तिथंही बर्फच वितळतं. दुपारनंतर पाणी चढतं आणि उभं राहायची सोय नसते.

लिडर_प्रेमी
लिडर नाही तर कोकरनाग. ते झऱ्याचं पाणी आहे, बर्फ वितळो न वितळो, काचेसारखं राहतं. बोलण्याआधी जाऊन या.

बियासचा_बाप
जाऊन आलोय. तिथल्या माशांनी इतक्या फ्लाय बघितल्यात की ते आता माणसाची सावली ओळखतात.

शाकाहारी_जोडभावी
पकडायचा आणि परत सोडायचा, मग पकडायचाच कशाला? त्या मुक्या जिवाला काय वाटत असेल?

भीमाकाठचा
म्हणून म्हणतो, पकडायचा आणि घरी आणायचा. हळद, मीठ, लाल तिखट, थोडं चिंचेचं पाणी, ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर.

निम्फवाली_ताई
विषय भरकटतोय. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा, हात ओले करून मासा धरा, पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नका, बहुतेक मासे नीट परत जातात. ट्राउटला थंड, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. २० अंशांच्या वर पाणी गेलं की तो आधीच दमलेला असतो, तेव्हा तर मासेमारीच थांबवावी.

आता मुद्द्याचं. दादा, तीर्थनवर फ्लाय कुठली वापरता?

पेठेतला_गळवाला
त्याचा इथं काय संबंध? मण्याची भारी निम्फ, पाण्याखाली चालणारी फ्लाय. डोहात बुडवायची, तळाशी चालवायची. मासे लागतात की.

निम्फवाली_ताई
संबंध आहे. तुम्ही कोकरनागला जा नाही तर बरोटला, जाऊन एक खोल डोह शोधाल, तीच निम्फ बुडवाल आणि पुढच्या वर्षी तोही पाठ होईल. नदी बदलून काय होणार, मासेमारी तीच. माझं ऐकाल तर गुशैणीलाच उतरा, पण तीर्थन सोडून फलाचनमध्ये शिरा. गुशैणीत येऊन मिळतो तो ओढा. अरुंद, उताराचा, गुडघाभर पाणी, डोह जवळजवळ नाहीतच. तिथं निम्फ घरी ठेवा, ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, लावा, खालून वर चढत जा. मासा लहान मिळेल, पण तो वर येऊन फ्लाय घेताना डोळ्यांना दिसेल. पाच वजनी रॉड तिथं जड आहे, तीन वजनी मागून घ्या कुणाकडून तरी.

बियासचा_बाप
फलाचन चांगलं, पण यांना तीर्थनचा कंटाळा आलाय आणि तुम्ही त्यांना त्याच गावात पाठवताय. रोज सकाळी पाय आपोआप जुन्या टप्प्याकडं वळतील. बरोट करा. शानन वीज प्रकल्पासाठी तिथल्या उहल नदीचं पाणी बरोटलाच वळवून बोगद्यानं जोगिंदरनगरला नेलंय, ब्रिटिश काळापासून. त्यामुळं बंधाऱ्याच्या खाली नदीत पाणी कमी उरतं आणि मेमध्येही उतरता येतं. मात्र वरून पाणी सोडलं तर अचानक वाढतं, म्हणून दगडावर खूण ठेवून तिच्यावर नजर ठेवायची. पोरांना काठावर मोकळं सोडायचं नाही. बरोटला लंबाडग म्हणून दुसरी नदीही मिळते, तिथं ताई म्हणतात तसली ड्राय फ्लाय चालवा.

चाकोलीवाला
कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरवरून थेट नवी दिल्लीला जाते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी न्या, दोन दिवस काही होत नाही. रॉड चार तुकड्यांचा असेल तर नळीत घालून वरच्या बर्थवर डोक्याशी ठेवा. सीटखाली ठेवला की कुणीतरी ट्रंक ढकलतो.

हिप्परगा_एक्सप्रेस
मला कुणी सांगेल का, उजनी आज किती टक्के?

भीमाकाठचा
वजा.

पेठेतला_गळवाला
ड्राय फ्लाय मला जमत नाही असं नाही, पण लांब फेकीची सवय राहिली नाही. कंबर तलावावर सराव करायला गेलो तर फ्लाय जलपर्णीत अडकते आणि दहा माणसं जमतात, मासा कुठंय म्हणून.

निम्फवाली_ताई
ओढ्यात लांब फेक लागतच नाही. रॉडच्या दोन-तीन लांब्या पुरतात. लागतं ते वाकून चालणं आणि माशाच्या मागून जाणं, कारण ट्राउट प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो. गच्चीवर बादली ठेवून गुडघ्यावर बसून सराव करा.

पेठेतला_गळवाला
बरं. बरोट करतो. दिल्लीहून रात्रीची बस मंडीपर्यंत, पुढं पठाणकोट रस्त्यानं घटासनी आणि तिथून वर, बरोबर ना? परवाना कुठं? आणि घरच्या बाई विचारतायत, पोरांना तिथं बघायला काय आहे?

बियासचा_बाप
रस्ता बरोबर. परवान्यासाठी बरोटला मत्स्य विभागाचं ट्राउट फार्म आहे, तिथं चौकशी करा. हौदातले मासे बघण्यात पोरांचा अर्धा दिवस जातो. जोगिंदरनगरहून डोंगर चढणारी ट्रॉलीसुद्धा आहे, पण ती चालू असेल या भरवशावर पोरांना कबूल करू नका.