प्रतिसाद: पाचवा उपग्रह लागतोच

‘जीपीएसचे दोन आणि ग्लोनासचे (रशियाची तशीच यंत्रणा) दोन, चार उपग्रह झाले की जागा कळली’ असं मूळ लेखात म्हटलंय. नेमकं तिथेच अडतं. जागेचे तीन आकडे आणि रिसीव्हरच्या (संदेश पकडणाऱ्या आपल्या उपकरणाच्या) घड्याळाची चूक, ही चार अज्ञातं. दुसऱ्या यंत्रणेचं घड्याळ वेगळं, म्हणजे पाचवं अज्ञात आलं, आणि त्यासाठी पाचवा उपग्रह. जीपीएस लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला जागतिक वेळेत अधूनमधून घालतात तो जादा सेकंद) धरत नाही, ग्लोनास धरतं. त्यामुळे पडलेला फरक आज 18 सेकंदांचा. तो सरळ वजा होतो. खरा त्रास उरलेल्या नॅनोसेकंदांचा, कारण दहा नॅनोसेकंदांत (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) उपग्रहाचा संदेश तीन मीटर जातो! तरी मी सगळ्या यंत्रणा चालूच ठेवते. आमच्या वाड्याच्या चौकातून आकाशाची जेमतेम पट्टी दिसते. तिथे नुसत्या जीपीएसचे तीनच उपग्रह सापडतात, सगळ्या यंत्रणा मिळून अकरा.