मदत हवी आहे: माझ्या पॅनवर दुसऱ्याच कोणीतरी कर्ज घेतलंय, होम लोन अडकलं (तातडीचं)

मुलुंडकर८६
होम लोनची फाइल टाकली होती. आज बँकेचा मॅनेजर म्हणतो क्रेडिट स्कोअर ६१२ दाखवतोय, पुढे जाणार नाही. माझा कायम ७८० च्या आसपास असतो, एक हप्ता कधी चुकलेला नाही. रिपोर्टमध्ये दोन कर्जं दिसतायत, मी घेतलेली नाहीत. बिल्डरला टोकन देऊन बसलोय, तो महिनाअखेरीपर्यंतच थांबणार. क्रेडिट ब्युरोवाले (कर्जांची नोंद आणि स्कोअर ठेवणारे) म्हणतात कर्ज देणाऱ्या कंपनीशी बोला, कंपनीवाले म्हणतात ब्युरोशी बोला. हे रिपोर्टमधून लवकरात लवकर कसं उडवायचं? "ओटीपी कोणाला देऊ नका" छापाचे सल्ले नकोत, तेवढं कळतं.

हिशेबनीस
"दिसतायत" म्हणजे नेमकं कुठे? अकाउंटमध्ये की एन्क्वायरीमध्ये? एन्क्वायरी म्हणजे तुमच्या पॅनवर कोणीतरी अर्ज केला. अकाउंट म्हणजे कर्ज मंजूर होऊन पैसे सुटले. दोन्हींचा इलाज वेगळा. कर्जाचा प्रकार काय लिहिलाय, तारीख कुठली, डीपीडीच्या (हप्ता किती दिवस थकला त्या) रकान्यात काय आकडे आहेत? कॉन्टॅक्टच्या भागात तुमचे नसलेले पत्ते किंवा मोबाइल आहेत का? आणि चारही ब्युरोंचे रिपोर्ट काढलेत की एकाचाच?

विरारची_गाडी
१९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा आधी!! गोल्डन अवर जातोय.

कीबोर्ड_कामगार
@विरारची_गाडी, यांच्या खात्यातून पैसे कुठे गेलेत? रक्कम नुकतीच निघाली असेल तर ती पुढच्या खात्यात गोठवायला १९३०. इथे पैसे कंपनीचे गेलेत, आणि स्कोअर एवढा पडलाय म्हणजे हप्ते थकूनही बरेच दिवस झालेत. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकायचीच, पण तासाभराची शर्यत नाही ही.

गिरगावकर_मूळचे
आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. एमआधार ॲपवर दोन मिनिटांचं काम. वेळेत केलं असतं तर हा प्रकार झालाच नसता.

कीबोर्ड_कामगार
झाला असता. बायोमेट्रिक लॉकने अंगठा वगैरे बंद होतो, ओटीपी चालूच राहतो. अंगठा लावून एईपीएसमधून (आधारवरून बँक व्यवहार) पैसे काढतात ते त्याने थांबतं, पॅनवरचं ॲपचं कर्ज नाही. ओटीपीही थांबवायचा तर आधार क्रमांकच लॉक करावा लागतो, आणि त्याआधी व्हीआयडी (आधारऐवजी वापरायचा पर्यायी क्रमांक) काढून ठेवायचा.

त्यापेक्षा यूआयडीएआयच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्टरी उघडा. मागच्या सहा महिन्यांतल्या नोंदी दिसतात, जास्तीत जास्त ५०. कोणत्या संस्थेने, कधी, ओटीपीने की बोटाने, सगळं येतं. कर्जाच्या तारखेला तिथे काहीच नसेल तर तुमच्या आधारवरून ऑनलाइन केवायसी झालीच नाही, नुसत्या कागदांवर कर्ज दिलंय. त्याची पीडीएफ आजच उतरवा. सहा महिने उलटले की नोंद दिसायची बंद.

मुलुंडकर८६
अकाउंटच आहेत. एक कन्झ्युमर लोन ६४,००० चं, एक पर्सनल लोन १५,००० चं कुठल्यातरी ॲपवरून. दोन वेगळ्या एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या). पत्ता भिवंडीचा, मोबाइलही माझा नाही. आईला अधूनमधून वसुलीवाल्यांचे फोन येतात. रिपोर्ट एकाच ब्युरोचा आहे. आता सांगा.

हिशेबनीस
वसुलीचे फोन येतात हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं राव. आईंना सांगा, वाद घालू नका, "हो, भरतो" असंही म्हणू नका. एजन्सीचं नाव आणि लोन अकाउंट नंबर तेवढा लिहून घ्या. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, तेव्हा आला तर स्क्रीनशॉट ठेवा.

आता मुख्य काम. कंपनी आणि ब्युरो, दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी तक्रार. फोनवर बोललेलं कुठेच मोजत नाहीत, म्हणूनच तुमचा चेंडू झालाय. ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट टाकताना रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो. प्रकार निवडताना "रक्कम चुकीची" किंवा "थकबाकी चुकीची" निवडू नका. मालकीचा वाद निवडा, म्हणजे हे खातं माझं नाहीच. रक्कम चुकीची म्हटलं की खातं तुमचं असल्याचं तुम्हीच कबूल केलं. चुकीचे पत्ते आणि मोबाइल यांचा डिस्प्यूट वेगळा टाकायचा. ते राहिले तर पुढचा भामटा त्याच पत्त्यावर जुळतो.

ब्युरो स्वतःहून काही पुसत नाही, कंपनीला विचारतं. कंपनीला उत्तरासाठी २१ दिवस, सगळं मिळून ३० दिवस. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. १०० रुपयांनी तुमचा फ्लॅट येत नाही, पण मेलमध्ये तो नियम लिहिला की फाइल हलते.

चारही रिपोर्ट काढा: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकाचा पूर्ण रिपोर्ट फुकट असतो. स्वतः काढल्याने स्कोअर पडत नाही. मात्र या घाईत दुसऱ्या चार बँकांत अर्ज टाकू नका, त्या एन्क्वायऱ्या खरोखर लागतात.

काळा_कोट
आधी एफआयआर. त्याशिवाय कंपनी ढिम्म हलत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा ६६सी आणि ६६डी, भारतीय न्याय संहिता ३१८, ३१९, आणि बनावट कागद वापरल्याचं ३४०. ऑनलाइन पोर्टलचा पोचपावती क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा.

हिशेबनीस
वकीलसाहेब, एफआयआर हवाच, पण "आधी" नको. ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "कागद कुठेत?" कंपनीकडून कागद हातात आले की तक्रारीत जीव येतो. मेल आज, ठाणं उद्या.

काळा_कोट
आणि कंपनी कागद देत नाही, "पोलिसांनी मागितले तर देऊ" म्हणते. मग?

हिशेबनीस
कर्ज तुमच्या नावावर आहे असं त्यांचंच म्हणणं आहे ना? मग कर्जदाराला स्वतःच्या कराराची प्रत नाकारणार कशी? मेलमध्ये हेच वाक्य टाकायचं.

मुलुंडकर८६
तुमचं भांडण नंतर. कुठल्या ठाण्यात जाऊ? बीकेसीच्या सायबर पोलीस स्टेशनलाच जावं लागतं असं ऑफिसात सांगतायत.

काळा_कोट
नाही. मुलुंडलाच जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारी करू शकतो, मुंबईत तो प्रत्येक ठाण्यात असतो. पत्ता भिवंडीचा म्हणून "तिकडे जा" म्हणाले तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर तोच अर्ज लेखी स्वरूपात डीसीपींकडे, स्पीड पोस्टने.

कंपनी प्रतिज्ञापत्र मागेल. १०० च्या स्टँपवर करून नोटरी.

फोर्टचा_टायपिस्ट
१०० चा स्टँप गेला साहेब. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात ५०० चा. लोक अजून १०० चा मागत फिरतात.

पैसा_वसूल
एवढी उठाठेव कशाला? १५,००० वालं भरून टाका, मोठ्याचं सेटलमेंट करा. ॲपवाले निम्म्यात मिटवतात. फ्लॅट जाण्यापेक्षा स्वस्त.

हिशेबनीस
अजिबात नको. सेटल केलं की रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा बसतो, तो बँकांना थकबाकीइतकाच खुपतो. आणि एक रुपया जरी भरलात तरी उद्या कंपनी म्हणेल, कर्ज यांचं नव्हतं तर भरलं कशाला?

तिसरा_मजला
मूळ दुखणं भाड्याच्या ॲग्रीमेंटमध्ये आहे. लिव्ह अँड लायसन्सचा एजंट पॅन-आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर मागतो, ते त्याच्या गॅलरीत कायमचे. वर सोसायटीला एक संच, पोलीस व्हेरिफिकेशनला एक संच. आमच्याकडे सोसायटीच्या ऑफिसात भाडेकरूंच्या झेरॉक्स उघड्या कपाटात पडलेल्या असतात.

गिरगावकर_मूळचे
म्हणूनच म्हणतो, बायोमेट्रिक लॉक.

तिसरा_मजला
अहो झेरॉक्सला कुठलं बायोमेट्रिक! मास्क्ड आधार द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकतात, आकड्यांवरून जायला हवं.

कीबोर्ड_कामगार
धागा सोसायटीच्या कपाटात शिरायच्या आत एक महत्त्वाचं. @मुलुंडकर८६, ती दोन कर्जं एकाच जातीची नाहीत. ६४,००० वाल्यात पैसे दुकानदाराला गेले, माल भामट्याने उचलला. तिथे मागायचं: बिल, दुकानाचं नाव, वस्तूचा सीरियल नंबर, फोन असेल तर आयएमईआय (त्या हँडसेटचा ओळख क्रमांक), आणि माल देताना काढलेला फोटो. आयएमईआय एफआयआरमध्ये गेला की तो फोन आज कुठल्या सिमवर चालतो ते पोलिसांना काढता येतं.

१५,००० वालं जास्त वाईट. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार (सप्टेंबर २०२२ पासून) असे पैसे कर्जदाराच्याच बँक खात्यात जावे लागतात. म्हणजे एकतर कंपनीने खात्याचं नाव नीट जुळवलं नाही, किंवा तुमच्या नावाने कुठेतरी बँक खातंच उघडलंय. ते दुसरं असेल तर उद्या त्या खात्यातून इतरांचे चोरलेले पैसे फिरतील आणि नोटीस तुम्हाला येईल. म्हणून यूटीआर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), खाते क्रमांक, आयएफएससी आणि हप्त्याचा मँडेट (आपोआप कापायची परवानगी) कुठल्या खात्यावर होता, हे चारही मागा. शिवाय ई-साइनचा लॉग: वेळ, आयपी, मोबाइल नंबर, आणि व्हिडिओ किंवा सेल्फी.

आज रात्री घरबसल्या तीन गोष्टी बघा. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस (तुमच्या पॅनवरच्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक) उघडा, बचत खात्याच्या व्याजात अनोळखी बँक आहे का. जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून शोधा, तुमच्या नावाने एखादा धंदा नोंदलाय का. आणि संचारसाथीवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते. भिवंडीवाला नंबर त्यात निघाला तर तिथेच "हा माझा नंबर नाही" निवडा, पण आधी स्क्रीनशॉट. आधारची बँक सीडिंग (आधारला कुठली बँक जोडलीय ती) स्थिती बघून निश्चिंत होऊ नका, तिथे शेवटची एकच बँक दिसते.

ओसी_सीसी
टोकन किती दिलंय? रेरा कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांच्या वर बिल्डर घेऊ शकत नाही. कार्पेट एरिया तपासलात का? प्रकल्प कुठला?

मुलुंडकर८६
फ्लॅटबद्दल विचारलेलं नाही हो.

एआयएस, जीएसटी, सिम तिन्ही स्वच्छ. आधार हिस्टरीतही त्या तारखांना काही नाही. मोठ्या कर्जवाल्या कंपनीने करार आणि केवायसी पाठवली. पॅनवर नाव माझं, नंबर माझा, जन्मतारीख माझी, फोटो भलत्याच माणसाचा. सेल्फीत तोच माणूस. खाली सही मराठीत, मी इंग्रजीत करतो. ॲपवाल्यांचं उत्तर नाही.

कीबोर्ड_कामगार
पॅनच्या त्या प्रतीत क्यूआर कोड शाबूत आहे का? असेल तर पॅन क्यूआर कोड रीडर ॲपने स्कॅन करा, साध्या स्कॅनरने वाचता येत नाही. नव्या कार्डांच्या कोडमध्ये फोटो आणि सहीसुद्धा असते. भामटे वरचा फोटो बदलतात, कोड तसाच सोडतात. स्कॅनमध्ये तुमचा चेहरा आला आणि कार्डावर त्याचा असेल, तर कंपनीने कार्ड तपासलंच नाही हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होतं.

मुलुंडकर८६
स्कॅन झाला. माझाच फोटो आला!! जुना, मिशीवाला.

काळा_कोट
दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी छापा, तक्रार अर्जाला परिशिष्ट म्हणून लावा. आता ठाण्यात जा.

हिशेबनीस
आणि हाच संच होम लोनच्या बँकेत द्या: एफआयआर, दोन्ही डिस्प्यूटचे क्रमांक, क्यूआरचं पान. मॅनेजरला "स्कोअर सुधारतोय" असं सांगू नका. फाइल नाकारू नका, वाद चालू असल्याची नोंद घालून होल्डवर ठेवा, असं लेखी मागा. आधीचा रिपोर्ट स्वच्छ असेल तर काही बँका अपवाद म्हणून वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवतात. ॲपवाल्यांना पहिल्या मेलपासून ३० दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर. फारच छोटी एनबीएफसी लोकपालाच्या कक्षेत नसते, तशी निघाली तर ब्युरोविरुद्ध टाका, ब्युरो सप्टेंबर २०२२ पासून कक्षेत आहेत.

मुलुंडकर८६
एफआयआर झाला. मोठ्या कंपनीचा मेल आला: "आपले कर्ज खाते बंद करण्यात आले आहे, एनओसी सोबत जोडली आहे." सुटलो एकदाचा. आता रिपोर्ट कधी बदलेल?

हिशेबनीस
थांबा. ती एनओसी घेऊ नका. "बंद" म्हणजे कर्ज तुम्हीच घेतलं होतं आणि आता मिटलं. रिपोर्टमध्ये खातं "क्लोज्ड" म्हणून राहील आणि मागचे थकलेल्या महिन्यांचे डीपीडीचे आकडेही तिथेच राहतील. बँकेची नजर नेमकी त्यावर जाते. तुम्हाला खातं बंद नको, रिपोर्टमधून डिलीट हवंय.

लगेच उलट मेल करा, इंग्रजीत, आशय असा: "सोबतची एनओसी मला मान्य नाही. हे खाते माझे नाही, हे तुमच्याच केवायसीवरून सिद्ध झाले आहे. या पॅनधारकाने हे कर्ज घेतलेले नाही असे पत्र द्या आणि खाते व त्यासोबतची एन्क्वायरी चारही क्रेडिट ब्युरोंच्या नोंदीतून काढून टाका. वसुली एजन्सीलाही तसे कळवा." एन्क्वायरीचा उल्लेख विसरू नका, खातं जातं आणि ती मागे राहते. कंपन्या ब्युरोंना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवतात, त्यामुळे पत्र आल्यावर पंधरा दिवसांनी नवा रिपोर्ट काढा, आधी काढून उपयोग नाही.

पैसा_वसूल
माझा ७३४ आहे, कार लोन मिळेल का?

हिशेबनीस
वेगळा धागा काढा.

मुलुंडकर८६
डिलीशनचं पत्र आलं, तीन ब्युरोंतून खातं गेलं. चौथ्यात अजून आहे. बँकेने फाइल होल्डवर ठेवलीय, बिल्डरने लेखी मुदत वाढवून दिलीय. ॲपवाले अजून गप्प, ३० दिवस परवा होतायत.

हिशेबनीस
चौथ्याकडे स्वतंत्र डिस्प्यूट टाका, तेच पत्र जोडून. परवा सीएमएसवर तक्रार टाकताना पहिला मेल जोडा, नुसता स्क्रीनशॉट नको, हेडरसकट पीडीएफ. तारखेवरूनच तक्रार परत येते बऱ्याचदा.