मुंबई–टोकियो: जानेवारीत परतीच्या विमानाला प्रत्यक्षात किती तास लागतात?

नमस्कार.

येत्या जानेवारीत मी आईला (वय ७१) घेऊन बहिणीकडे टोकियोला जाणार आहे. आई दिवसातून दोनदा, जेवणाआधी, इन्सुलिन घेते. आमच्या दादरच्या डॉक्टरांनी संपूर्ण प्रवासाचे तास भारतीय वेळेत लिहून मागितले आहेत, आणि तो तक्ता करताना मी अडकले आहे.

जाताना विमान मुंबईहून रात्री ८ वाजता सुटून नारिताला सकाळी ७.३० वाजता पोहोचते. परतताना नारिताहून सकाळी ११.१५ला निघून सायंकाळी ५.३०ला सहारला उतरते. तिकीट पाहून आईने विचारले, "जाताना साडेअकरा तास आणि येताना सव्वासहा? येताना उतार आहे का गं?" जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते आणि तिथे उन्हाळी वेळ पाळत नाहीत, म्हणून हा हिशेब सोपा निघाला: जाताना ८ तास, येताना पावणेदहा. म्हणजे उतार असलाच तर तो जाताना आहे.

अंतर सरळ मोजले तर सुमारे ६,८०० किलोमीटर भरते. मुलाच्या पृथ्वीगोलावर आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा ताणून पाहिला, तर तो अरुणाचलच्या आसपास हिमालय ओलांडून चीनमध्ये शिरला. तिबेटच्या पठारावर आणीबाणीत विमान पुरेसे खाली आणता येत नसल्यामुळे विमाने सहसा तो भाग टाळतात, त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग थोडा लांबतो. (एजंटने सुचवलेला सिंगापूरमार्गे प्रवास स्वस्त आहे, पण तो सव्वानऊ हजार किलोमीटरांच्या घरात जातो आणि मध्ये विमान बदलावे लागते, आईचे गुडघे पाहता तो विचार सोडला.)

उरलेला पावणेदोन तासांचा फरक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या जेट वाऱ्यांचा आहे, हे समजले. हिवाळ्यात जपानवर हे वारे सर्वांत जोरात असतात, कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातात. ऑक्टोबरअखेरीस लागू होणाऱ्या हिवाळी वेळापत्रकात हा वारा धरलेला असणार, आणि छापलेली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असल्यामुळे त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत जाणारा वेळही येतो, असे मी गृहीत धरले आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत थेट विमानाने परतलेल्यांना माझे विचारणे एवढेच, की छापलेल्या पावणेदहा तासांपेक्षा तुम्हाला किती जास्त वेळ लागला? अर्धा तास राखून ठेवला तर पुरेल, की तासभर धरावा? आणि परतीच्या विमानात पहिले जेवण उड्डाणानंतर साधारण किती वेळाने हातात येते? मात्रा डॉक्टरच ठरवतील. मला फक्त तक्त्यातले हे दोन रकाने भरायचे आहेत.